सेल्फ घेत नाही? आधी क्लचच्या पॅडलखाली वाका

आयटीआयचा निकाल लागला की धुळ्यातल्या गॅरेजांमध्ये नवी पोरं दिसायला लागतात. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड झालेला असतो, इंजिन खोलून-जोडून पाहिलेलं असतं, पण वायरिंगचं नाव काढलं की चेहरा उतरतो. ज्यांचा उतरत नाही त्यांना पहिल्याच आठवड्यात स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) हातात हवा असतो. माझ्याकडे ऑटो इलेक्ट्रिकचं काम शिकायला येणाऱ्याला मी सुरुवातीला स्कॅनर देत नाही. क्लच पॅडलच्या स्विचचं सर्किट देतो.

कारण साधं आहे. सर्किट लहान, पण त्यात सप्लाय, फ्यूज, स्विच, कपलर (वायरी जोडणारा प्लग), रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) आणि बऱ्याच गाड्यांत ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा, सगळं आलं. वर अर्धी भानगड मेकॅनिकल: पॅडल, बुश, रबर. एवढंसं सर्किट मल्टिमीटर लावून नीट तुकडे करून तपासता आलं, तर पुढे ब्रेक लाइट, फ्युएल पंप, फॅन, काहीही समोर आलं तरी हात थरथरत नाही. आणि विनाकारण बदलल्या जाणाऱ्या पार्टांत हा स्विच बराच वरच्या नंबरावर आहे. जुना स्विच चांगला, नवा स्विचही चांगला, आणि गाडी तिथेच उभी. हे फार पाहिलंय.

आधी हा स्विच करतो काय ते समजून घ्या. क्लचपाशी दोन वेगवेगळी कामं असतात आणि नवीन पोरं इथेच गोंधळतात. एक स्विच पॅडल तळाला गेल्यावर दाबला जातो. तो सांगतो, क्लच पूर्ण दाबलाय, आता सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारायला हरकत नाही. दुसरा पॅडलच्या वरच्या टोकाला असतो. पॅडल थोडं हललं तरी त्याची अवस्था बदलते आणि ईसीयूला कळतं की ड्रायव्हरने क्लचवर पाय ठेवला. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरणं) सुटणं, गिअर बदलताना इंजिनचा वेग सांभाळणं, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन पुन्हा चालू होणं, हे या वरच्या स्विचच्या निरोपावर चालतं. काही गाड्यांत दोन्ही स्विच, काहींत एकच. काही नव्या गाड्यांत दाबायची खिट्टीच नसते, त्याऐवजी चुंबकावर चालणारा तीन वायरींचा हॉल सेन्सर असतो. त्यामुळे गाडी आली की पहिला प्रश्न: हिच्यात नेमकं काय बसवलंय? वायरिंग डायग्राम मिळत असेल तर आधी तो उघडा.

गिऱ्हाईक यातलं काही सांगत नाही. तो म्हणतो, "भाऊ, सेल्फच नही ली राहिनी गाडी." मग तुम्ही विचारायचं. टकटक आवाज येतो की अजिबात शांत? चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात का? दिवे मंदावून टकटक येत असेल तर क्लचकडे जाऊच नका, बॅटरी, टर्मिनल आणि सेल्फची जाड केबल बघा. दिवे लख्ख, आवाज काहीच नाही, असं असेल तर बहुधा सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. तिथून आपलं सर्किट सुरू होतं. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही वेगळी तक्रार आहे. क्लचच्या तळच्या स्विचचा तिच्याशी संबंध नाही. बटण स्टार्टची गाडी असेल तर बघायला आणखी सोपं. पॅडल पूर्ण दाबूनही डॅशबोर्डवरची 'क्लच दाबा' ही सूचना जात नसेल, तर निरोप अडकलाय.

आता मीटर काढण्याआधी गुडघे टेका आणि टॉर्च घेऊन पॅडलखाली वाका. आपल्याकडे लोक कंपनीची फूटमॅट, तिच्यावर जाड रबरी मॅट आणि तिच्यावर गोणपाट असे थर टाकतात. मग पॅडल तळाला जातच नाही. मॅट बाजूला सरकवली आणि गाडी चालू झाली, असंही होतं. त्याचे पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी घेत नाही.

मॅट झटकायच्या आधी तिच्यावर काय पडलंय ते मात्र बघा. दोंडाईच्याच्या मार्केटला मिरची वाहणारी एक पिकअप आली होती. मॅटवर लाल भुकटी सगळीकडे, आणि त्यात पिवळट, बोटाने चुरडले जाणारे प्लास्टिकचे तुकडे. गाडीमालकाला वाटलं बिस्किटाचा चुरा. तो होता पॅडलच्या पट्टीतला स्टॉपर. पॅडलच्या लोखंडी पट्टीला भोक असतं, त्यात रबराचा किंवा प्लास्टिकचा छोटा बूच बसवलेला असतो आणि तोच स्विचची खिट्टी दाबतो. बूच वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतो आणि एक दिवस फुटतो. मग खिट्टी त्या भोकातून आरपार निघते, पॅडल कितीही दाबा, स्विच दबतच नाही. स्विचमध्ये दोष शून्य. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. इथे हे बूच लवकर जातात. खिट्टीला बोट लावून स्वतः दाबा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हे आधी. सेल्फ फिरला तर स्विच आणि पुढचं सगळं ठीक, दोष पॅडलकडे. पॅडलचा बुश झिजून ते तिरकं चालतंय का, ब्रॅकेट वाकलंय का, स्विचचा नट ढिला होऊन तो मागे सरकलाय का, हेही तिथेच दिसतं.

तिथेच आणखी एक सांगून ठेवतो. स्टिअरिंगखाली पिवळे कपलर किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्यांना प्रोब (मीटरचं टोक) लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या आहेत.

एवढं झाल्यावर स्कॅनर. पी ०७०४ हा कोड क्लच स्विचच्या इनपुट सर्किटचा. पी ०८३० हा पॅडल स्विच 'ए'च्या सर्किटचा, पी ०८३१ म्हणजे तिथला सिग्नल खाली अडकलेला, पी ०८३२ म्हणजे वर अडकलेला, पी ०८३३ स्विच 'बी'चा. कोडमध्ये 'सर्किट' असं लिहिलेलं असतं, 'स्विच बदला' असं कुठेच लिहिलेलं नसतं, हे पाठ करून ठेवा. कोडपेक्षा लाइव्ह डेटा कामाचा. क्लचची ओळ उघडा, पॅडल हळूहळू दाबा आणि नेमकी कुठे अवस्था बदलते ते बघा. पुन्हा सोडा. मधेच फडफडत असेल तर स्विच किंवा कपलर ढिला. आणि लक्षात ठेवा, ज्या गाड्यांत तळचा स्विच थेट सेल्फच्या रिलेच्या वायरीत घातलेला असतो, तिथे ईसीयूला त्याचा पत्ताच नसतो. स्कॅनर म्हणेल 'कोड नाही', आणि गाडी मात्र उभी.

अशा थेट वायरिंगमध्ये मीटरची खरी परीक्षा होते. एका गाडीची तक्रार होती, "सकायले लेस, दुपारले नही." म्हणजे सकाळी सेल्फ घेते, दुपारी नाही. आधी दुसरीकडे स्विच बदलून झाला होता, रिलेही नवा. रिले काढून, क्लच दाबून, चावी स्टार्टला धरून रिलेच्या सॉकेटमध्ये मीटर लावला की १२.४ व्होल्ट, बॅटरीइतकेच. पोरगं म्हणालं, सप्लाय ओके. ओके नव्हता. डिजिटल मीटर सर्किटमधून करंट जवळजवळ घेतच नाही, त्याचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओम असतो. वायरीचा एक धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ठिबकची नळी चोंदलेली असताना पुढचा कॉक बंद ठेवला तर प्रेशर गेज भरलेलंच दाखवतं, कॉक उघडल्यावर खरं कळतं. म्हणून मोजायचं ते लोडवर: सगळे कपलर जोडलेले, रिले जागेवर, क्लच दाबलेला, चावी स्टार्टला धरलेली, आणि प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणीवरून लावलेला.

तसं मोजल्यावर स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर १२.१, बाहेर जाणाऱ्या वायरीवर १२.०, आणि रिलेच्या कॉइलवर (आतल्या तांब्याच्या वेटोळ्यावर) फक्त ७.१. म्हणजे स्विच फक्त ०.१ व्होल्ट खातोय, त्याला दोष देता येत नाही. पाच व्होल्ट स्विच आणि रिले यांच्या मधे कुठेतरी मरतायत. वायर धरून पुढे गेलो तर ड्रायव्हरच्या पायाशेजारच्या प्लास्टिक पट्टीमागे एक कपलर, आतली पिन हिरवी पडलेली. गाडी आतून शाम्पूने धुऊन घ्यायची सवय होती, पाणी तिथे मुरलेलं. पिन साफ करून उपयोग नव्हता, टर्मिनल बदललं.

सकाळ-दुपारचं कोडंही यातच सुटतं. रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ते १०० ओम. तांबं तापलं की रोध वाढतो, दर अंशाला जवळपास ०.४ टक्के. कॉइल ४० अंशांनी तापली तर १५-१६ टक्के रोध जादा, त्यामुळे करंट कमी. सकाळी काठावर ओढला जाणारा रिले दुपारी ओढलाच जात नाही. 'उन्हात बंद पडते' हे ऐकून सगळे इंजिनकडे धावतात. आपण आधी व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधायचं.

ईसीयूला जाणाऱ्या स्विचचा हिशेब वेगळा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू स्वतः सिग्नलच्या वायरीवर ५ किंवा १२ व्होल्ट सोडतो आणि स्विच ती वायर अर्थला जोडतो. पॅडल मोकळं तर व्होल्टेज दिसतं, दाबलं की शून्य. काही गाड्यांत हेच उलट, म्हणून डायग्राम. व्होल्टेज कायम राहत असेल तर कपलर काढून त्याच्या दोन पिना छोट्या वायरने जोडा. शून्य झालं तर वायरिंग ठीक, स्विच किंवा पॅडल बघा. झालं नाही तर अर्थची वायर तुटलीय. उलट कायम शून्य असेल तर नुसता कपलर काढा. व्होल्टेज उभं राहिलं तर स्विच आतून चिकटलाय. तरीही शून्यच, तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय किंवा ईसीयूपर्यंत तुटलीय. खळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हा पहिला संशयित. तीन वायरींच्या सेन्सरला हा जोडण्याचा प्रयोग करायचा नाही, तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल वेगवेगळे मोजायचे. आणि ईसीयूच्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. तो रिलेच्या सर्किटला उत्तम, ईसीयूच्या वायरीतून मात्र नको तेवढा करंट ओढतो.

'डायरेक्ट' करण्याबद्दल, म्हणजे स्विच वगळून वायरी थेट जोडण्याबद्दल, बोलावंच लागेल. दोन वायरी पिळून चिकटपट्टी मारली की गाडी पाच मिनिटांत चालू होते आणि गिऱ्हाईक खूश. ट्रॅक्टरवर तर हे सर्रास चालतं. पण आपल्याकडे ट्रॅक्टर खाली उभं राहून, मोठ्या चाकाशेजारून हात घालून चालू करायची सवय आहे. गिअर पडलेला असला आणि क्लचचा स्विच डायरेक्ट असला, तर सेल्फ लागताच ट्रॅक्टर उडी मारतो आणि मागचं चाक माणसावर येतं. मी डायरेक्ट करून देत नाही. तपासण्यापुरती फ्यूज लावलेली जोडवायर लावतो आणि तपासलं की काढतो. कोणी दुसऱ्या गॅरेजला गेला तर जाऊ द्या.

सुरुवातीला घ्यायचं सामान थोडं आहे: बरा डिजिटल मीटर, टेस्ट लॅम्प, टाचण्या, फ्यूजवाली जोडवायर. स्कॅनर नंतर. एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. बिघडलेल्या गाडीचं सगळेच लिहितात, तुम्ही चांगल्या गाडीचं लिहा. सर्व्हिसिंगला आलेल्या ठणठणीत गाडीच्या क्लच स्विचवर पॅडल मोकळं असताना किती, दाबल्यावर किती, रिलेवर किती. ही वही कोणत्याही कोर्समध्ये विकत मिळत नाही. बिलात तपासणीची रक्कम वेगळी लिहायची सवयही आत्ताच लावा. "वायरच तर जोडली ना भाऊ," असं ऐकावं लागेल. ऐकून घ्यायचं आणि ७.१ व्होल्टचं रीडिंग गिऱ्हाइकाला मीटरवर दाखवायचं. दाखवल्यावर फार कमी लोक घासाघीस करतात.

स्विच खरोखर बदलायचा ठरला तर बसवण्याची पद्धत आधी वाचा. काही स्विच स्वतःच जुळवून घेणारे असतात: खिट्टी पूर्ण बाहेर ओढायची, पॅडल दाबून धरायचं, स्विच बसवायचा आणि मग पॅडल हळूच सोडायचं. त्यातले काही एकदाच जुळतात, चुकीचा बसला की नवा आणावा लागतो. नटवाल्या स्विचला अंतर सेट करावं लागतं. मग कोड पुसा आणि गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, क्लच न दाबता चावी फिरवा. सेल्फ लागता कामा नये. अर्धा दाबून फिरवा, तेव्हाही नाही. पूर्ण दाबल्यावर लागला पाहिजे, तोही दर वेळी. क्रूझ असेल तर हायवेला लळिंगकडे एक चक्कर मारून क्लचला पाय लावताच ते सुटतंय का बघा, परत आल्यावर कोड पुन्हा आलाय का तेही स्कॅनरवर बघा, आणि मग गाडी द्या. मॅट एकच टाकून.