तालुकावार गट पाडताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात तालुके 11. चादर-टॉवेलच्या विक्रीची वर्षभराची शीट तालुकावार फोडली, तर एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (गटवार बेरीज करून देणारा तक्ता) ओळी आल्या 18! एकूण बेरीज मात्र पैशापर्यंत जुळत होती, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. गट पाडले की आधी ते किती झाले ते मोजा.

एक्सेल नावाचा अर्थ बघत नाही, अक्षरं बघतं. मंगळवेढा-मंगळवेढे, माढा-माढे, सांगोला-सांगोले, उत्तर सोलापूर आणि उ. सोलापूर: बिल करणाऱ्याच्या तोंडी जे बसलंय ते शीटमध्ये उतरतं आणि प्रत्येकाचा वेगळा गट होतो.

'अक्कलकोट' तर दोनदा आलं होतं, दिसायला अगदी सारखं. लेन फंक्शन लावलं (ते अक्षरं मोजतं, मात्रा आणि हलंतही वेगळे धरून), एकाला 8 आले, दुसऱ्याला 9. शेवटी एक स्पेस चिकटली होती. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावूनही ती हटेना, कारण वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरातली स्पेस अनेकदा वेगळी असते, कोड 160 ची. आधी सबस्टिट्यूट फंक्शनने ती साध्या स्पेसमध्ये बदला, मग ट्रिम करा.

दुरुस्ती मूळ कॉलमवर करू नका. वेगळ्या शीटवर दोन कॉलम करा, 'लिहिलेलं नाव' आणि 'खरं नाव', आणि व्हीलुकअपने (लिहिलेलं नाव शोधून त्यापुढचं खरं नाव आणणारं फंक्शन) नवा कॉलम भरून त्यावर गट पाडा. पुढच्या वर्षी हाच तक्ता पुन्हा कामाला येतो.

नुसतं 'सोलापूर' लिहिलेल्या ओळींचं काय? उत्तर की दक्षिण, हे कुठलंच फंक्शन सांगणार नाही. अंदाजाने ढकलू नका, बिल काढून पत्ता बघा. मला त्यात अख्खी दुपार गेली, पण दुसरा मार्ग नव्हता.

अठरावी ओळ तालुकाच न भरलेल्या बिलांची होती. पिव्होट ती निदान दाखवतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पांडाज लायब्ररीचं गट पाडणारं ग्रुपबाय मात्र तालुका रिकामा असलेल्या ओळी गुपचूप गाळतं आणि बेरीज कमी भरते. तिथे ड्रॉपएनए हा पर्याय फॉल्स ठेवा, पांडाजच्या आवृत्ती 1.1 पासून ती सोय आहे.

गटागटाखाली बेरीज टाकणारं एक्सेलचं सबटोटल वापरत असाल तर आधी त्या कॉलमवर सॉर्ट करा. नाव बदललं की ते नवा गट धरतं, त्यामुळे बार्शी, मोहोळ, पुन्हा बार्शी असा क्रम असेल तर बार्शीची बेरीज दोन तुकड्यांत येते.