खोक्यातले अंगण: ‘श्यामची आई’मधील एका प्रसंगाचा देखावा

बुटांच्या रिकाम्या खोक्यात एखाद्या बालकादंबरीचा देखावा उभारायचा, तर सगळ्यांत आधी प्रसंग ठरवावा आणि तो पुस्तक पुन्हा वाचूनच ठरवावा. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त 42 रात्री आहेत, त्यांतल्या चार-पाच एकाच खोक्यात कोंबल्या, तर पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. म्हणून येथे एकच क्षण घेतला आहे. संध्याकाळच्या आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपले ओचे, म्हणजे लुगड्याचा पुढचा घोळ, धोंडीवर पसरते, तो हा क्षण. दोन माणसे, एक दगड आणि एक कापड एवढ्यावर तो उभा राहतो, म्हणून लहान जागेला तो फार योग्य आहे.

साधारण 30 सेंटिमीटर लांब, 18 रुंद आणि 11 उंच असे खोके लांब बाजूवर आडवे ठेवले की समोर 30 बाय 18 चा रंगमंच मिळतो आणि खोली 11 सेंटिमीटर राहते. प्रमाण 1:20, म्हणजे खऱ्या मापाचा विसावा भाग, धरावे. त्या हिशेबाने आई ताठ उभी असती तर साडेसात सेंटिमीटर झाली असती, ती वाकलेली असल्याने सहाच्या आसपास दिसेल. श्याम साडेपाच सेंटिमीटरचा आणि धोंड तीन-चार सेंटिमीटर रुंद करावी. बाजारातली तयार बाहुली यात आणू नये, कारण तिच्या मापाने सगळे अंगण बिघडते.

मागच्या भिंतीसाठी कार्डशीट ओल्या स्पंजने पुसून घ्यावे, वर फिकट निळा आणि खाली केशरी रंग देऊन दोन्ही ओले असतानाच एकमेकांत मिसळू द्यावेत. वाळल्यावर हे कार्डशीट कोपऱ्यांत दुमडू न देता किंचित गोलाई ठेवून चिकटवावे, म्हणजे खोक्याचे कोपरे लपतात आणि आकाश दूरवर पसरल्यासारखे वाटते. नारळाची झाडे झाडूच्या हिरांची आणि कागदी झावळ्यांची करावीत. मागची झाडे बुटकी व फिकट, पुढची उंच व गडद. जमिनीखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून मागची बाजू सेंटिमीटरभर उचलावी आणि वर कोकणच्या मातीचा तांबडा रंग द्यावा. घर पूर्ण दाखवण्याची गरज नाही, एका बाजूला भिंतीचा कोपरा पुरतो. धोंड शाडूची करून, ती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने टोचावी, म्हणजे जांभ्या दगडासारखी छिद्रे उमटतात.

माणसांसाठी बारीक तारेचा सांगाडा वाकवून त्यावर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. या मापात डोळे-नाक रंगवल्यास चेहरे विद्रूप होतात. आईच्या पाठीचा बाक आणि श्यामचा अधांतरी उचललेला पाय यांतूनच प्रसंग कळतो, त्यामुळे तार वाकवताना घाई करू नये.

खरे कौशल्य लुगड्यात आहे. धुऊन मऊ पडलेल्या सुती धोतराचा तुकडा घ्यावा. नवे किंवा कृत्रिम धाग्याचे कापड या मापात पुठ्ठ्यासारखे ताठ राहते. फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यात तो भिजवावा, पिळावा आणि आईला नेसवून पुढचे ओचे धोंडीवर पसरावेत. ओले असतानाच दाभणाच्या टोकाने एकेक चुणी ओढून घ्यावी, आणि कापडाची कड दगडावरून थोडी खाली ओघळू द्यावी, कारण त्या ओघळण्यातच कापड ओले व जड असल्याचा भास होतो. दगड व कापड यांत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा ठेवून रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी तो काढून घ्यावा, श्यामचा एक पाय ओच्यावर टेकवून चिकटवावा आणि दुसरा हवेतच ठेवावा.

शेवटी खोक्याच्या वरच्या बाजूला, डावीकडे, चार बोटांचे भोक कापून त्यावर पिवळा ट्रेसिंग पेपर लावावा. टेबलावरचा दिवा त्या भोकावर तिरका धरला की कलत्या उन्हाचा प्रकाश नेमका धोंडीवर येतो. आई सावलीत जात असेल, तर भोक बदलण्याऐवजी दिव्याची जागा बदलावी.