ड्यूटी चार्ट हातात घ्या आणि तास मोजा

“स्टाफ कमी आहे, फार ओढाताण होते,” एवढंच घेऊन मेट्रनच्या केबिनमध्ये गेलं की उत्तर ठरलेलं असतं: सगळीकडे हीच परिस्थिती आहे. तेच गाऱ्हाणं तासांत मांडलं, तर समोरच्यालाही तासांवरच बोलावं लागतं. आणि नर्सेसच्या कामाचे तास मोजायचं माप १९७७ पासून तयार आहे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी करार क्रमांक १४९ आणि त्याच्या जोडीला शिफारस क्रमांक १५७ मंजूर केली. मी वॉर्डची इनचार्ज म्हणून चार्ट लावते आणि आमच्या नर्सेस संघटनेचं कामही बघते. दोन्हीकडे हे कागद उपयोगी पडलेत, म्हणून ते कसे वापरायचे ते सांगते.

आधी त्यांचं वजन ओळखा. करार बांधतो तो देशाला, तेही त्या देशाने त्याला मान्यता दिली असेल तरच. हॉस्पिटलला थेट बांधतो तो देशाचा कायदा. शिफारस कोणालाच बंधनकारक नाही, पण नेमके आकडे तिच्यातच आहेत. आयएलओच्या नॉर्मलेक्स या संकेतस्थळावर देशाचं नाव टाकलं की त्याने कोणते करार मान्य केलेत त्याची यादी येते. १४९ त्या यादीत नसला तरी पुढचं सगळं करा. बोलणी करताना माप म्हणून शिफारस कुठेही पुढे ठेवता येते.

आता मागच्या महिन्याचा चार्ट घ्या. छापलेला नको, प्रत्यक्षात झालेला घ्या. प्रत्येक ड्यूटीसमोर खरी यायची आणि खरी निघायची वेळ लिहा. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवणं, देण्या-घेण्यातला वेळ बहुतेक जणी सोडून देतात, तो सोडू नका. सूचना घ्यायला, द्यायला आणि कामाची मांडणी करायला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा, असं शिफारशीत स्पष्ट लिहिलंय. दुपारची ड्यूटी कागदावर रात्री ९ ला संपते, पण इंजेक्शनची ट्रॉली लावून, नार्कोटिकच्या, म्हणजे गुंगीच्या औषधांच्या, कपाटाची चावी आणि रजिस्टर हातात देऊन, नव्या पेशंटची माहिती सांगून निघेपर्यंत ९.४० होतात. ही ४० मिनिटं तुमच्या कामाचीच आहेत.

मग आकडे लावून बघा. रोजची ड्यूटी साधारणपणे सलग ८ तासांची असावी. लवचिक पाळ्या ठरल्या असतील तर गोष्ट वेगळी, पण ओव्हरटाइम धरूनही दिवस १२ तासांच्या पुढे जाऊ नये. आठवड्याचे तास इतर कामगारांपेक्षा जास्त नसावेत, आणि ते ४० पेक्षा जास्त असतील तर हळूहळू ४० वर आणावेत. दोन पाळ्यांच्या मध्ये किमान १२ तास सलग विश्रांती हवी. वरचंच उदाहरण घ्या: रात्री ९.४० ला सुटलेली सिस्टर सकाळी ७ ला पुन्हा हजर, म्हणजे ९ तास २० मिनिटं. त्यातून येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा वेळ वजा करा, झोप किती उरते ते दिसेल. दुपारनंतर सकाळ लावणं ही चार्ट लावणाऱ्यांची सर्वांत जुनी सवय आहे, आणि मोडायला सर्वांत सोपीसुद्धा. पाळ्यांचा क्रम फिरवला की बऱ्याचदा एकही माणूस न वाढवता हे १२ तास निघतात.

साप्ताहिक सुट्टीकडे मात्र नीट लक्ष द्या, खरी फसगत तिथेच होते. नाइट रविवारी सकाळी ८ ला संपते, चार्टवर रविवारी ‘ऑफ’ लिहिलेला असतो आणि सोमवारी सकाळी ८ ला ड्यूटी. कागदावर सुट्टी मिळाली, हातात आले २४ तास, आणि त्यातला अर्धा दिवस नाइटची झोप काढण्यात गेला. शिफारस म्हणते, साप्ताहिक विश्रांती ४८ तासांपर्यंत न्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत ती सलग ३६ तासांपेक्षा कमी नसावी. म्हणून ‘ऑफ’ किती ते मोजू नका. शेवटची ड्यूटी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचे तास मोजा. माझ्या मते संपूर्ण चार्टमध्ये एकच गोष्ट तपासायची झाली तर हीच.

बाकीच्या बाबी पटापट बघून घ्या. मध्ये बिनपगारी खंड टाकून एकच ड्यूटी दोन तुकड्यांत लावणं टाळावं. चार्ट इतका आधी कळावा की घरचं नियोजन करता येईल. ओव्हरटाइमचा मोबदला वाढीव दराने किंवा बदली सुट्टीने मिळावा. संसर्ग, रेडिएशन यांसारखा धोका टाळता येत नसेल तर संरक्षक कपडे आणि लसीकरण मिळावं, शिवाय कमी तास किंवा जास्त विश्रांतीसारखे उपायही त्यात सुचवलेत. गरोदर सिस्टरला अशा जागेवरून हलवताना तिचे हक्क कमी होता कामा नयेत. नातेवाइकांची शिवीगाळ, मारहाण होत असेल तर त्यासाठी करार १९० आहे, २०१९ चा. परदेशी जायचं असेल तर १९९७ चा करार १८१ वाचा. खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, हा त्यातला मूळ नियम आहे.

निवेदन लिहिताना क्रम असा ठेवा: पहिल्यांदा देशाचा कायदा आणि नेमणूकपत्र, मग करार, शेवटी शिफारस. एका पानाच्या वर जाऊ नका. नावं नकोत, फक्त तारखा आणि तास. सोबत बदललेल्या चार्टचा नमुनाही जोडा. नुसती तक्रार फाइलमध्ये जाते, तयार चार्ट मात्र टेबलावर ठेवून बघावा लागतो. एकटीने सही करू नका. करार १४९ मध्ये नर्सिंग सेवेच्या नियोजनात नर्सेसचा सहभाग, त्यांच्याशी सल्लामसलत आणि शक्यतो वाटाघाटीने ठरलेल्या अटी, हे सगळं आहे. त्यामुळे बैठक मागणं हा उपकार मागणं नव्हे. बैठकीत जे ठरेल त्याचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या.

हॉस्पिटल आणि सरकार दोन्ही ऐकत नसतील, तर आयएलओकडे एकट्या नर्सला थेट जाता येत नाही, कामगार संघटनेला जाता येतं. मान्य केलेला करार देश पाळत नसेल तर संघटना लेखी निवेदन देऊ शकते. आणि संघटना काढली म्हणून बदल्या किंवा निलंबन सुरू झालं, तर आयएलओची ‘संघटना स्वातंत्र्य समिती’ आहे, १९५१ पासून काम करणारी. तिच्याकडे जायला देशाने संघटना स्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ हे करार मान्य केलेले असण्याची अट नाही. तेव्हा बदलीचा प्रत्येक आदेश, मिळालेल्या तारखेसह, जपून ठेवा.