भुलेतून उठताना पोर बिथरू नये म्हणून

डोळे टक्क उघडे, पण आईची ओळख नाही. किंचाळणं, पाय झाडणं, आईलाच ढकलणं, सलाइन उपटायला बघणं. आमच्या सिंधुदुर्गात अशा वेळी आजी मीठ-मोहरी शोधायला लागते. बाधा नाही हो ती! भूल उतरते, पण मेंदू पुरता जागा झालेला नसतो. सेव्होफ्लुरेनसारख्या झटकन उतरणाऱ्या वायूने भूल दिली की हे जास्त दिसतं, त्यातही 2 ते 5 वर्षांच्या मुलांत आणि टॉन्सिल, कान, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर. बहुतेक वेळा थोड्या वेळात आपोआप निवतं. तेवढ्यात टाके ताणले गेले तर पंचाईत.

मी रिकव्हरीतली, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येतो त्या खोलीतली सिस्टर. माझ्या मते निम्मं काम ऑपरेशन थिएटरच्या दाराआधीच होतं, कारण रडत, घाबरून झोपलेलं पोर बिथरून उठण्याची शक्यता जास्त. ‘जत्रेला जातोय’ अशी थाप मारून आणू नका. आदल्या दिवशी वाटी नाकातोंडावर धरून फुंकर मारायचा खेळ खेळा, मास्क परका वाटत नाही. आवडतं कार्टून मोबाइलवर उतरवून ठेवा, रेंजचा भरवसा नको.

उपाशी ठेवायचं, पण तहानेने कळवळेपर्यंत नाही. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं 4, साधं पाणी 2 तास. तुमच्या डॉक्टरांनी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा. आणि पेज म्हणजे पाणी नव्हे! ‘पातळच दिली होती’ म्हणणाऱ्या आज्यांमुळे ऑपरेशनं पुढे गेलीत.

आधीच्या खेपेला पोर बिथरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध चालू ठेवणं, डेक्समेडेटोमिडिन हे शांत करणारं औषध देणं, हर्नियाला कमरेतून ब्लॉक (बधिर करणारं इंजेक्शन) देऊन दुखणं आधीच थांबवणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात.

रिकव्हरीत पोराला हलवून उठवू नये. दिवा मंद, आवाज कमी. परवानगी असेल तर डोळे उघडायच्या आधीच आई उशाशी हवी. मामा, काका, आत्या बाहेर. बोलायचं एकाने, घरच्या बोलीत: ‘झिला, आवस हयसरच आसा’ (बाळा, आई इथेच आहे). पुस्तकी मराठीला ती पोरं बधत नाहीत.

नव्या सिस्टरांसाठी: बिथरलं तरी आधी ऑक्सिजन बघा, मग साखर, दुखणं, तुंबलेली लघवी, घट्ट पट्टी. ऑक्सिजन कमी पडला तरी पोर असंच तडफडतं. नजर देतं का, हालचालीला काही हेतू आहे का, आजूबाजूचं भान आहे का, चुळबुळ किती, समजावून शांत होतं का, या पाच गोष्टींना 0 ते 4 गुण द्यायचे, जितकं बिघडलेलं तितके जास्त. 20 पैकी 10 किंवा वर गेले तर डॉक्टरांना बोलवा. तोवर कठडे वर, सलाइनचा हात सांभाळायचा. दाबून धरलं की आणखी उसळतं. झोपेचं औषध द्यावं लागलं तर बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब काढायचा नाही, आणि घरी सोडायची घाईही नाही, शेवटची एस्टी चुकली तरी.