फायनल फँटसी १४ मध्ये घर कसं मिळवायचं

भाऊ, या ऑनलाइन गेममध्ये घर मिळवणं अगदी म्हाडाच्या सोडतीसारखंच आहे. आधी लेव्हल ५० अन् ग्रँड कंपनीत (गेममधलं सैन्य) सेकंड लेफ्टनंट रँक करून घ्या. एका वॉर्डात (गेममधल्या वस्तीत) प्लॉट फक्त ६०, म्हणून एन्ट्रीचे ५ दिवस सुरू झाले की लगेच गेममधले पैसे भरू नका, प्लॉटच्या पाटीवर क्लिक करून किती जणांनी नाव टाकलंय ते बघा, मी धरमपेठेतल्या रूमवर रात्री वहीत आकडे लिहीत बसायचो, गर्दी कमी तिथेच टाका. हरले तर पैसे वापस, पण जिंकून ४ दिवसांत क्लेम नाही केलं तर अर्धे गेले. ४५ दिवस घरात पाय नाही ठेवला तर घर पाडतात, मला हे बरोबरच वाटते, बाकीचे किती दिवसांपासून थांबलेत! दिवाळीत गावी निघायच्या आधी गेममधल्या घरात एक चक्कर मारून या.