दूध पुरतंय का? लंगोट मोजा
बाळ घरी आलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, दूध पुरतंय ना गं? आणि बाळ जरा रडलं की लगेच वरचं दूध द्या, घुटी द्या, मधाचं बोट चाटवा. पहिल्या वेळी मी पण बाळाच्या बरोबरीने रडत बसायचे, मग आमच्या आशाताई (घरोघरी येणाऱ्या सरकारी आशा सेविका) म्हणाल्या, रडणं मोजू नको, लंगोट मोज.

तर हिशोब असा. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, थोडाथोडा, आणि बाळाला तेवढाच लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशी एक-दोनच लंगोट ओले झाले तर घाबरू नका. पाचव्या दिवसापासून मात्र 24 तासात निदान 6 वेळा शू हवी, फिकट रंगाची. शी आधी काळी चिकट, डांबरासारखी, मग हिरवट, मग पिवळी. वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यात जन्माच्या वजनावर येतं, नाही आलं तर डॉक्टरांना दाखवा. डायपरमध्ये शू कळत नाही म्हणून दिवसा तरी सुती लंगोटच बरा. आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला होता, घुटीचा हट्ट धरणाऱ्या सासूबाईच नंतर त्यावर रेघा मारायला लागल्या :) आशाताई घरी येतात (दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी), त्यांना तो कागद दाखवायचा.

पाजायचं दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा, पण घड्याळ लावून नाही, बाळ मुठी चोखायला लागलं, तोंड इकडेतिकडे फिरवायला लागलं की घ्यायचं, कारण रडून रडून लाल झालं की ते नीट धरतच नाही. तोंडात नुसतं टोक नको, भोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा, नाहीतर चिरा पडतात आणि दूधही नीट ओढलं जात नाही. नंतर खांद्यावर घेऊन ढेकर, झोपवायचं पाठीवर. पाणी, घुटी, मध काही नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही.

नाळ कोरडी ठेवा, हळद-तेल-राख काही लावू नका, लंगोट नाळेच्या खाली दुमडा, एक-दोन आठवड्यात आपोआप पडते. मालिशवरून आजीशी भांडू नका, हलक्या हाताने करू दे, पण नाकाकानात तेल आणि धुरी याला ठाम नाही म्हणा.

आणि हे दिसलं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी दवाखाना गाठा: पहिल्या 24 तासातच कावीळ किंवा नंतर तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, 100.4 किंवा जास्त ताप, अंग गार पडणं, दूध ओढायचं सोडणं, मिनिटाला 60 च्या वर श्वास, नाळेभोवती लाली किंवा पू. आणि हो, बाळ "शहाणं" आहे, झोपूनच असतं, पाजायलाही उठत नाही असं कोणी कौतुकाने म्हणालं तर आधी लंगोट बघा, तोही कोरडा असेल तर थांबू नका, निघा.