नागपुरात बर्डीवर कॅमेरा घ्यायला जाऊन राहिले असाल तर आधी डोळे मिटा

महिन्याभरात तिघांनी विचारलं, भाऊ मिड रेंजचा डीएसएलआर घ्यायचाय, जुना मिळाला तरी चालते, कोणता घेऊ. आणि तिघंही मेगापिक्सेलवरच अडकलेले. निकॉन डी७५०० ला २०.९ आणि कॅनन ८०डी ला २४.२, हा फरक घरी फोटो बघताना कोणाला दिसत नाही बे. हातात मात्र रोज जाणवते, आणि ते दुकानातच तपासायला लागते.

पहिली गोष्ट, नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हातात घेऊ नका. डी७५०० बॅटरी-कार्डासकट ७२० ग्रॅमचा, त्यावर १८-१४० ची झूम लेन्स म्हणजे अजून ४९० ग्रॅम, झाला ना सव्वा किलोच्या जवळ. जी लेन्स वापरणार तीच लावून मागा, दुकानदार कुरकुरला तरी. मग उजव्या हाताने एकट्याने धरून पाच मिनिटं गप्पा मारत उभं राहा. करंगळी ग्रिपवर बसते की खाली लोंबकळते? बोटं आणि लेन्सच्या मधे जागा राहते की सांधे घासतात? माझा पंजा मोठा, म्हणून मला डी७५०० ची खोल ग्रिप आवडली, माझ्या बहिणीला तीच नको झाली, म्हणून दुसऱ्याच्या रिव्ह्यूवर ग्रिपचं ठरवू नका.

आता डोळ्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे बघायची खिडकी, लावा आणि तो न काढता आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) बदलून दाखवा. मग अपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार), मग शटरचा वेग, मग फोकस पॉइंट. हीच खरी परीक्षा. निकॉनच्याच आधीच्या डी७२०० ला आयएसओचं बटन मागे डाव्या बाजूला, म्हणजे लेन्सखालचा हात काढावा लागते. डी७५०० मधे ते शटरच्या बटनाच्या बाजूला आणलं आणि सगळा खेळ एका बोटात आला. निकॉनला दोन डायल, एक अंगठ्याला एक तर्जनीला. कॅनन ८०डी ला वरचं छोटं चाक आणि मागे मोठं गोल चाक. दोन्ही चांगले, पण एकावरून दुसऱ्यावर गेलात तर झूम रिंगपण उलटी फिरते आणि चार-सहा महिने बोटं चुकतात. डायल एकच असलेला स्वस्तातला मॉडेल दाखवला तर मॅन्युअल मोडवर अपर्चरसाठी बटन दाबून धरावं लागते, लग्नात किंवा जंगलात ते जीवावर येते.

मोड डायलला (वरचं मोड निवडायचं चाक) लॉक आहे का ते पण बघा. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला नव्हतं. मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीत गर्दीने असा काही रेटा दिला की डायल पोटाला घासून इफेक्टवर गेलं, आणि पिवळी मारबत समोरून गेली तीच मुळी कार्टूनसारखी, घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून मधलं बटन दाबल्याशिवाय न फिरणारं डायल हवंच म्हणतो.

व्ह्यूफाइंडरचं अजून एक. या रेंजमधे लेन्समधलं चित्र डोळ्यापर्यंत आणायला काचेचं पेंटाप्रिझम मिळते आणि जवळजवळ १०० टक्के फ्रेम दिसते, खालच्या रेंजमधे, जसं निकॉन डी५६००, आरशांचं पेंटामिरर आणि ९५ टक्के. तपासायला सोपं: दुकानाच्या दाराची चौकट कडेला बरोबर बसवा, फोटो काढा, स्क्रीनवर बाहेरचं किती आलं बघा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, आणि बाजूचं छोटं डायॉप्टर चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट करून घ्या, नाहीतर चांगला कॅमेरा उगाच धूसर वाटते.

स्क्रीन दुकानाच्या एसीत बघून काही कळत नाही, बाहेर फुटपाथवर उन्हात न्या. आणि तान्हा पोळा डोक्यात ठेवा: पोरगं लाकडी बैल ओढत येते तेव्हा जमिनीजवळून उभी फ्रेम घ्यायची असते. वर-खाली झुकणारी स्क्रीन उभ्या फ्रेममधे कामाची नाही, ८०डी सारखी बाजूला उघडून फिरणारीच लागते.

बाकी पटकन. ट्रायपॉडची प्लेट लावून बॅटरीचं झाकण उघडते का बघा. कार्डाचे स्लॉट मोजा, डी७२०० ला दोन होते, डी७५०० ला एकच, लग्नाचं काम करणाऱ्यांना ते चालत नाही. पेंचच्या जंगलात जायचं असेल तर क्वाएट मोड (कमी आवाजाचा) लावून शटर ऐका, साध्यापेक्षा किती दबते ते.

जुना घेत असाल तर ग्रिपच्या आणि अंगठ्याजवळच्या रबरावर नख फिरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जाते, गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचं रबर फुगून सुटते. चिकट लागलं किंवा कडेला फेविक्विकची पांढरी रेघ दिसली तर भाव पाडा, आणि मेमरी कार्डाच्या झाकणाजवळ सुटलं असेल तर तो कॅमेराच राहू द्या, तिथे अंगठा दिवसभर असते.